वारो बरो नाय: मालवणातल्या एका होडीचं वर्ष

(पाऊस. झापांखाली होडी. पहिले दहा सेकंद निवेदन नको, पावसाचाच आवाज राहू दे.)

जुलै महिना, मालवण, आणि माडाच्या झापांखाली हे जे काय झाकून ठेवलंय ना, ती होडी आहे. नीट बघा, एका बाजूने लाकूड बाहेर आलेलं दिसेल. ती उलांडी. आडव्या दांड्यांनी होडीला बांधलेला लांब ओंडका, लाटेत होडी कलंडू नये म्हणून.

ही होडी मेअखेरीस वर आली, ते शूटिंग आमच्याकडे आहे, आणि खरं सांगायचं तर त्या एका सकाळसाठीच ही फिल्म करायचं ठरलं.

(होडी ओढतानाचा पूर्ण शॉट. कापू नये.)

होडी वर घ्यायची ती उधाणाच्या भरतीला, म्हणजे पौर्णिमा नाहीतर अमावास्या धरून, कारण पाणी जेवढं वर चढेल तेवढी होडी कमी ओढायला लागते. खाली ओंडके टाकायचे, दोर बांधायचा, दहा-बारा माणसं दोराला आणि एक आजोबा फक्त ओरडायला. मागचा ओंडका मोकळा झाला की एक पोरगा तो उचलून धावत पुढे आणतो, परत होडी चार हात सरकते, परत ओंडका. मग तळाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, गोड्या पाण्याने धुवायचं, सुकवायचं, फळ्यांचे सांधे जिथे उघडलेत तिथे कापसाची वात ठोकून बसवायची, वरून तेल द्यायचं, आणि मग झाप. ह्याला शाकारणं म्हणतात, घर शाकारतात तसंच. आता बऱ्याच होड्या फायबरच्या झाल्यात आणि त्यांच्यावर निळी ताडपत्री टाकली तरी भागतं, पण आम्हाला झाप दिसले म्हणून आम्ही झापच दाखवतोय.

१ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारी बंद. बऱ्याच माशांचा हा विणीचा काळ. बिनइंजिनाच्या होडीला ही बंदी लागू नाही, पण तिला कायद्याने सांगायची गरजच पडत नाही, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूला पाण्याखाली इतके खडक आहेत की नैऋत्येचा वारा सुटला की लाट किनाऱ्याच्या कितीतरी आधी तिकडेच फुटायला लागते. बघा ना, ती पांढरी रेघ.

त्या रेघेच्या पलीकडे आम्ही पावसात कॅमेरा नेलेला नाही. कोण नेणार? म्हणून पावसाळ्याचं जे काय आहे ते खाडीतलं आहे. कर्ली खाडीच्या पाण्यात हा माणूस पाग टाकतोय, जाळं हवेत कसं गोल उघडतं बघा, तीन वेळा रिकामं आलं, चौथ्यांदा चार मासे. बाकी घरात डब्यातले खारे बांगडे आणि गोलमो, म्हणजे बारीक सुकी कोळंबी, एप्रिल-मेच्या उन्हात सुकवून ठेवलेले.

(ढोल. मालवण बंदर. गर्दी.)

नारळीपौर्णिमा. मानाचा नारळ दर्याला दिला जातो, समोर १६६४ ला बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग, आणि इकडे धक्क्यावर नारळ लढवणं चालू. एकाने आपला नारळ धरायचा, दुसऱ्याने त्यावर आपला हाणायचा, फुटला तो हरला. बायकाही लढवतात आणि भारी लढवतात.

आता गंमत अशी की सरकारची बंदी तारखेवर चालते आणि हा नारळ तिथीवर. २०२३ ला अधिक श्रावण आला, नारळीपौर्णिमा गेली ३० ऑगस्टला, म्हणजे बंदी उठून महिना झालेला. मग होडी काढायला कोणाचं ऐकायचं? आम्ही विचारलं तर तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, म्हणाला, "दर्याचा". आणि हसला. तो हसतानाचा शॉट थोडा हललाय पण ठेवलाय.

(रापण. ड्रोन शॉट, मग खाली.)

पाऊस ओसरला की रापण. वरून बघा आधी. होडी किनाऱ्यावरून सुटते, जाळ्याच्या दोराचं एक टोक इथेच माणसांच्या हातात, होडी समुद्रात मोठा अर्धगोल मारत जाळं सोडत जाते आणि लांब तिकडे परत किनाऱ्याला लागते, दुसरं टोक तिथल्या माणसांकडे. वरच्या कडेला बुचं, खालच्या कडेला वजन, म्हणजे पाण्यात जाळ्याची भिंत उभी राहते. मग दोन्हीकडून ओढायचं. घाईने नाही, एका तालात, कमरेला दोराचा वेढा घेऊन मागे मागे चालत, आणि हळूहळू दोन्ही रांगा एकमेकींच्या जवळ सरकत येतात. तास-दीड तास सहज जातो. जाळंही एकाचं नसतं, प्रत्येकाचा तुकडा जोडून एक रापण होते, म्हणून माशाचेही वाटे पडतात, होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, ओढणाऱ्यांचा वाटा. कोणी पाहुणा येऊन दोराला हात लावून गेला तर त्यालाही चार बांगडे देतात. आमच्या साउंडवाल्याला मिळाले. कॅमेरावाल्याला नाही, त्याचे हात रिकामे नव्हते.

हे जाळं किनारा सोडून लांब जात नाही. मासा किनाऱ्याला आला तरच रापण भरणार. बाहेर मोठ्या जाळ्याने अख्खा थवा घेरून उचलणारे पर्ससीनवाले आणि रात्री एलईडी दिव्यांनी मासा गोळा करून मारणारे, एलईडीवर २०१७ पासून बंदी आहे तरी, आणि त्यामुळे इकडे किती वेळा नुसता चिखल आणि पाला ओढून वर आणायला लागतो ते ह्या पुढच्या शॉटमध्ये दिसेलच.

(रिकामं जाळं. पाच सेकंद.)

थंडी पडली की वाऱ्याचं घड्याळ सुरू होतं. पहाटे जमीन समुद्रापेक्षा गार झालेली असते, वारा जमिनीवरून पाण्याकडे जातो, तो मतलई. दुपारी जमीन तापते आणि तोच उलटा फिरून समुद्रावरून येतो, तो खारा. शिडाच्या काळात ह्या दोन वाऱ्यांवर अख्खा दिवस बसवलेला असायचा, पहाटे मतलईवर बाहेर आणि दुपारी खाऱ्यावर घरी, फुकटात. आता मागे इंजिन आहे. तरी हा माणूस पहाटे पाच वाजता किनाऱ्यावर येऊन आधी गालाला वारा लावून बघतो, हा शॉट आम्ही त्याला न सांगता घेतलाय.

भरतीचा हिशेबही तोंडी. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. पंचमी असेल तर पावणेचार, अष्टमी असेल तर सहा. काट्यावर येत नाही, थोडं मागेपुढे होतं, पण होडी ओली राहणार की वाळूत बसणार एवढं कळायला पुरतं. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, ना धड चढत ना धड उतरत.

डिसेंबरात हीच माणसं पर्यटक घेऊन किल्ल्यावर. लाइफ जॅकेट, सेल्फी, आवडेल तो ॲंगल. हे तुम्ही बघितलेलंच असणार, पुढे जाऊया.

वादळं. २००९ ला नोव्हेंबरात फयान, २०१९ ला ऑक्टोबरअखेर क्यार आणि त्याच्या मागोमाग महा, २०२१ ला मेमध्ये तौक्ते. म्हणजे नेमके तेच महिने जे कमाईचे. अरबी समुद्र तापतोय असं शास्त्रज्ञ सांगतात, आणि २०२५ ला तर २५ मेलाच मान्सून तळकोकणात येऊन टेकला, आधी आठवडाभर पाऊस होताच, सुकत घातलेला मासा भिजला आणि होड्या भर पावसात ओढायला लागल्या. त्याचे फोटो आहेत, व्हिडिओ नाही.

(फोटो, चार. संगीत नको.)

शेवटचा शॉट सप्टेंबरातला. त्या दिवशी आम्ही पहाटे चारला उठून सगळं सामान होडीत चढवलं होतं, ड्रोनच्या बॅटऱ्या फुल्ल, समुद्र अगदी ताटासारखा सपाट. तांडेल आला, पाण्यात घोट्यापर्यंत उभा राहिला, किल्ल्याच्या मागे बघत बसला जरा वेळ आणि म्हणाला, "आज नको रे, वारो बरो नाय."

सामान उतरवलं. चहा झाला, घावणे झाले. तीन वाजेपर्यंत काहीही झालं नाही, समुद्र तसाच सपाट, वाराही आम्हाला तरी बराच वाटत होता. विचारायचा धीर कोणाला झाला नाही. तो माडाखाली बसून जाळ्याची बुचं तपासत होता, दोन तुटलेली निघाली, ती बदलली. तेच शूट केलं.

(बुचं. हात. मागे समुद्र. आवाज कमी करत काळं.)