मोरीत पाय घसरला

(पंचगंगा घाट, पहाट. धुणं आपटल्याचा आवाज. दहा सेकंद निवेदन नाही.)

ताईंचा चेहरा आम्ही दाखवणार नाही. हात बघा. बांगड्या कोपरापर्यंत सरकवल्यात. शेजारणीनं विचारलं की उत्तर ठरलेलं : "मोरीत पाय घसरला वो."

(स्वयंपाकघर. बंद दार. खुंटीवर पर्स.)

मारलं तरच छळ, असं आपण धरून चालतो. पगार झाला की एटीएम कार्ड काढून घेणं, माहेरी फोन करू न देणं, मुलगीच झाली म्हणून उठताबसता टोमणे, मनाविरुद्ध जवळ ओढणं... 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात ही सगळी हिंसाच आहे. दाद फक्त बायकोनंच मागायची असंही नाही. त्याच घरातली आई, बहीण, लग्नाशिवाय संसार करणारीसुद्धा मागू शकते.

(दसरा चौक. शाहू महाराजांचा पुतळा, खालून वर.)

कोल्हापूरला तरी हे नवं वाटायला नको. बायकोला मारणं हा नवऱ्याचा हक्कच समजला जायचा, त्या काळात, 1919 साली, महाराजांनी करवीर संस्थानात स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला. कौटुंबिक हिंसाचाराचा स्वतंत्र कायदा देशाला मिळायला पुढं 86 वर्षं लागली. जयंतीच्या भाषणांत हा कायदा क्वचितच ऐकू येतो.

(टेबल. छापील फॉर्म. निळा पेन.)

हा कागद ओळखून ठेवा. घरगुती घटना अहवाल. या कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी तो भरून घेतात. त्यासाठी आधी पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागत नाही. कुणी, कधी, काय केलं, स्त्रीधन कुणाकडं आहे, सगळं यात येतं. अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं गेला की पहिली तारीख साधारण 3 दिवसांत लागावी, असं कायदा म्हणतो. खर्चाला पैसे, मुलांचा ताबा मागता येतो. आणि त्याच घरात राहण्याचा हक्कही, घर तिच्या नावावर नसलं तरी. वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. बाईला तिथं उत्पन्नाची अट नाही.

न्यायालयाचा संरक्षण आदेश मोडणाऱ्याला 1 वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

(सीपीआर, सरकारी रुग्णालय, रात्र. केसपेपरची खिडकी.)

लागलं असेल तर इथं तरी मोरीचं नाव घेऊ नका. डॉक्टरांना खरं सांगा. हाच केसपेपर पुढं पुरावा होतो.

जीवावर बेतलं तर 112 ला फोन. कुठं जायचं ते विचारायला 181, महिला हेल्पलाइन. घरी परतणं शक्य नसेल तर 'सखी' वन स्टॉप सेंटर.

(पुन्हा टेबल. हात.)

फॉर्ममध्ये तारखेचा रकाना आहे. पहिल्यांदा कधी? ताईंना तारीख आठवत नाही, सण आठवतो. लग्नानंतरची पहिली नागपंचमी. माहेरी जायचं होतं.

(पेनचा आवाज.)