गोल्ड कार्ड खरंच वसूल होतं का? पावती दाखवा!

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओत माझ्या बॅगेला लटकलेला एअर इंडियाचा सोनेरी टॅग काय दिसला, कमेंटमध्ये एकच धोशा: "दादा, हे गोल्ड कसं मिळवायचं?" अहो, कसं मिळवायचं ते एअरलाइनच्या साइटवर लिहिलंय. मिळवावं का, ते बोलू.

बेसिक पटकन उरकतो. पॉइंट वेगळे, स्टेटस वेगळं. पॉइंट म्हणजे पाकिटातले पैसे, खर्च करायचे. स्टेटस म्हणजे नेहमीच्या प्रवाशाला एअरलाइन देते तो मान, अधिक महिन्यातला जावई, मुदतीपुरता थाट. एअर इंडियाच्या महाराजा क्लबात, म्हणजे नेहमीच्या प्रवाशांच्या योजनेत, रेड, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशा पायऱ्या आहेत, आणि २०२४ पासून किती उडालात यापेक्षा तिकिटावर किती पैसे घातलेत ते मोजतात. झालं बेसिक.

आता खरी गोम. गोल्डवर विमानतळावरच्या लाउंजमध्ये फुकट बसता-खाता येतं, त्याचा एकाने हिशोब पाठवलाय: "लाउंजचे दोन हजार, गुणिले वीस फेऱ्या, चाळीस हजार वसूल." भाऊ, कार्ड नसतं तर दोन हजार देऊन आत गेला असतास? मी तर नसतो गेलो. चहा-सँडविचवर अडीचशे घातले असते. म्हणून माझ्या वहीत लाउंजची किंमत अडीचशे. आत उपमा कितीही वाफाळता असो! आणि हल्ली निम्म्या लोकांना क्रेडिट कार्डावरच लाउंज मिळतं, दारातली रांग बघा एकदा.

हेच उलट बाजूने बघा. माझी बहीण न्यू जर्सीला असते. दरवर्षी आई गोडा मसाला, कुळथाचं पीठ, भाजणी बांधून देते, आणि यंदा चक्क बिडाचा तवा. तवा! वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीने बांधून. तिसरी बॅग होतेच. आता गोल्डवर ती फुकट जाते, पण गोल्ड नव्हतं तेव्हा अशाच बॅगेचे मी काउंटरवर पंधरा हजार मोजलेत, पावती आहे माझ्याकडे. म्हणून हे पंधरा हजार खरे.

कळलं ना? कार्ड नव्हतं तेव्हाची पावती आहे का, एवढंच विचारायचं. माझी उंची सहा फूट, पाय पसरायला जागा असलेली सीट मी आधीही विकत घ्यायचो. धरा. पाच फुटांच्या मित्राला तीच सीट फुकट मिळाली तर शून्य धरा. त्याला राग आला तरी शून्यच.

मध्येच एक कमेंट घेतो, जर्सी सिटीहून एका ताईंची: "युनायटेड या अमेरिकन एअरलाइनचं गोल्ड आहे, तरी अमेरिकेतल्या अमेरिकेत लाउंजमध्ये घेत नाहीत." बरोबर आहे ताई. घरच्या मेंबरला देशांतर्गत प्रवासात त्या गोल्डवर युनायटेड क्लब, म्हणजे त्यांचं लाउंज, नाही, पण स्टार अलायन्स (एअर इंडिया, युनायटेड वगैरे एअरलाइन्सचा गट) मधल्या दुसऱ्या एअरलाइनचं गोल्ड असलेला पाहुणा आत जातो. म्हणजे एअर इंडियाचं गोल्ड घेऊन मी नेवार्कला आत, तुम्ही बाहेर. घर की मुर्गी!

आणि ज्यांच्याकडे जेट एअरवेजचं प्लॅटिनम होतं त्यांना विचारा. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईला शेवटचं विमान निघालं. माइल्स, म्हणजे त्यांचे पॉइंट, वेगळ्या कंपनीकडे होते म्हणून इंटरमाइल्स नावाने तरले. प्लॅटिनम दाखवायला काउंटरच उरला नाही.

आता माझी वही उघडतो, हसू नका. बॅग पंधरा हजार. सीटचे चार हजार. चहा-सँडविच आठ वेळा, दोन हजार. एकूण एकवीस हजार. छान!

थांबा, दुसरं पान कुणीच उलटत नाही. गोल्डला थोडं कमी पडतंय म्हणून मी २८ डिसेंबरला पुणे-दिल्ली-पुणे केलं. काम काहीही नाही. दिल्लीला उतरलो, चार तास बसलो, परत आलो. बायकोला सांगितलं, मीटिंग आहे. अकरा हजार चारशे. शिवाय वर्षात तीनदा दुसऱ्या कंपनीचं तिकीट स्वस्त असताना "आपल्याच" एअरलाइनचं घेतलं, दर वेळी अडीच हजार जास्त. म्हणजे साडेसात. अठरा हजार नऊशे गेले.

उरले किती? दोन हजार शंभर. वर्षाचे! आणि त्यात दिल्लीला खाल्लेला राजमा-चावल अजून धरलेला नाही.