बर्फाचं नेपथ्य

पडद्यावर नुसतं बर्फ. भिंत नाही, दार नाही, झाडसुद्धा एखादंच. हे लॅपलँड, फिनलंडच्या उत्तर टोकाचा मुलूख. या पांढऱ्या पसाऱ्यात होडीच्या आकाराच्या घसरगाड्या ओढत रेनडिअर धावताहेत, आणि त्यातल्या एका गाडीत पिरिता बसली आहे.

चित्रपट फिनिश, ‘वाल्कोइनेन पेउरा’, म्हणजे ‘पांढरं रेनडिअर’. साल १९५२. दिग्दर्शक एरिक ब्लोमबेर्ग मुळात छायालेखक, त्यामुळे कॅमेराही त्यांच्याच हाती. पिरिताच्या भूमिकेत त्यांची पत्नी मिर्यामी कुओस्मानेन. पटकथा दोघांनी मिळून लिहिलेली.

आता कपडे बघा. हा सामी लोकांचा, म्हणजे लॅपलँडच्या मूळ रहिवाशांचा अंगरखा, गाक्ती. प्रत्यक्षात बहुधा निळा, त्यावर लाल-पिवळ्या पट्ट्या. कृष्णधवल फिल्मवर ते रंग विझतात आणि बर्फावर उरते एक गडद आकृती. इतक्या दुरूनही माणूस हरवत नाही.

बूट रेनडिअरच्या कातड्याचे. टोक वर वळलेलं, कारण ते स्कीच्या पट्ट्यात अडकवायचं असतं. आत मोज्यांऐवजी वाळलेलं गवत भरायची रीत. अंगावर फर, तीही रेनडिअरचीच.

मला या वेशभूषेतलं सगळ्यात विलक्षण वाटतं ते हेच. नवरा आस्लाक कळपामागे दिवसेंदिवस बाहेर. एकटी पडलेली पिरिता मांत्रिकाकडे जाते, प्रेमासाठी बळी देते आणि शापाने पांढरं रेनडिअर होते. पण ती तर पहिल्यापासून त्याच प्राण्याच्या कातड्यात वावरते आहे! सारं गावच वावरतं आहे.

बळीची जागाही तशीच. बर्फातून वर आलेली शिंगंच शिंगं. त्यापुढे स्टुडिओतला कुठला सेट उभा राहील?

एक गोष्ट मात्र खटकते. गाक्तीच्या शिवणीवरून, पट्ट्यांवरून माणूस कुठल्या भागातला, कुठल्या घरातला हे सामी लोक ओळखतात. इथे तो अंगरखा घातलाय फिनिश कलावंतांनी, आणि सामी श्रद्धांची झालीय भयकथा.

१९५३ साली कान महोत्सवात फ्रेंच कवी-दिग्दर्शक ज्याँ कॉक्तो यांच्या अध्यक्षतेखालच्या परीक्षक मंडळाने याला परीकथेच्या चित्रपटाचा पुरस्कार दिला.

शेवटचा प्रसंग. माणसांच्या जिवावर उठलेल्या या रेनडिअरला मारायचं तर लोखंडच हवं. आस्लाक भाला घेऊन निघतो, कळपाच्या वाटेने, एकटा. भाला लागतो. तो जवळ जातो.

बर्फावर पिरिता पडलेली असते.