बसऱ्याचे आबा

श्रोतेहो, नमस्कार. आष्टी तालुक्यातल्या आमच्या घरी माझ्या पणजोबांना सगळे ‘बसऱ्याचे आबा’ म्हणत; बसरा म्हणजे इराकमधले बंदर. आमचे गाव तेव्हा निजामाच्या मुलखात असले, तरी इंग्रजांची नगरची छावणी जवळ होती आणि आबा तिथेच पलटणीत भरती झाले. पहिल्या महायुद्धात ते तुर्कांच्या कैदेत सात वर्षे होते आणि उपासमारीतही त्यांनी घोड्याच्या मांसाला हात लावला नाही, एवढेच आजी सांगत असे. लेखी पुरावा असा घरात काहीच नव्हता. पेटीच्या तळाशी चांदीचे एक काळवंडलेले पदक तेवढे सापडले.

पहिल्या महायुद्धाच्या या पदकांच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. मी ती कड चिंचेने घासली, ही माझी चूक, कारण घासण्याने अक्षरे झिजतात. भिंग आणि तिरपा उजेड पुरेसा होता. इंग्रजी अक्षरांत मोडलेले नाव ओळखू आले आणि त्यापुढे ११० मराठा पलटण.

ही पलटण इराकमधल्या कुत अल-अमारा येथे ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्कांच्या वेढ्यात अडकली होती. धान्य संपत आल्यावर घोडे कापले जाऊ लागले, तेव्हा अनेक भारतीय शिपायांनी ते मांस नाकारले. पुढे हिंदुस्थानातील धर्मगुरूंची परवानगी तारेने मागवण्यात आली आणि शेवटच्या दिवसांत पुष्कळांनी ते खाल्ले. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार माणसे शरण गेली. कैद्यांना बगदादहून समारापर्यंत रेल्वेने आणि तेथून मोसुलमार्गे आजच्या सीरियातल्या रास अल-ऐनकडे वाळवंटातून चालवत नेले. वाटेत अनेक जण मेले आणि उरलेल्यांना रेल्वेमार्गाच्या कामाला जुंपले. तुर्कांशी युद्धबंदी झाली ती ३० ऑक्टोबर १९१८ रोजी.

म्हणजे कैद अडीच वर्षांची. मग आजीची सात वर्षे कुठून आली? मला वाटते, तो आकडा आजीला तिच्या सासूकडून मिळाला होता आणि सासूने नवरा उंबरा ओलांडून गेला त्या दिवसापासून मोजले होते. म्हणून मी आजीचे वाक्य खोडले नाही. वहीच्या डाव्या पानावर ते, कोणी आणि कधी सांगितले यासह, तसेच ठेवले आणि उजव्या पानावर कागदपत्रांतून कळलेले लिहिले. तुम्हीही घरातील वृद्धांकडून ऐकलेले असेच, त्यांच्याच शब्दांत, उतरवून ठेवावे.

घोड्याच्या मांसाबद्दलचे उजवे पान वाचून आमचे चुलते मात्र संतापले. ‘आबांनी खाल्लं नाही, हे पान फाड,’ असे ते म्हणाले. मी पान फाडले नाही. वही आणि पेन त्यांच्यापुढे ठेवले. बराच वेळ गप्प बसून त्यांनी डाव्या पानावर, आजीच्या शब्दांखाली, आपले म्हणणे स्वतःच्या अक्षरात लिहिले आणि खाली तारीख घालून सही केली.