गव्हर्नर काढण्याआधी

मंडळी, टेबलावरचं हे फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या दांड्यावर फिरणारं जड चाक, आधी नीट पाहून घ्या. ओतीव आहे. मधल्या भोकाच्या कडेला चावी, म्हणजे चाक दांड्यावर जागेवर धरणारी धातूची पट्टी, बसायची छोटी खाच दिसतेय ना, तिच्याकडे मी शेवटी येणार आहे.

गो-कार्टवर बसवली जाणारी बरीचशी लहान इंजिनं मुळात पंप, जनरेटर चालवायला बनवलेली असतात. होंडाचं जीएक्स२०० घ्या. १९६ सीसी, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव ५४ मिलिमीटर, आणि गव्हर्नर, म्हणजे वेगाला लगाम घालणारी यंत्रणा, त्याला मिनिटाला ३६०० फेऱ्यांच्या आसपास आवरून धरतो. हौशी माणूस पहिला हात घालतो तो या गव्हर्नरला. कंपनीने ताकद उगाच अडवून ठेवलीय, असं त्याला वाटतं. पण आतला सगळा माल त्याच आकड्याच्या हिशेबाने घडवलेला आहे. पिस्टनला क्रँकशी, म्हणजे फिरत्या दांड्याशी, जोडणारा कनेक्टिंग रॉड अ‍ॅल्युमिनियमचा, मध्ये वेगळं बेअरिंग न घालता थेट क्रँकवर बसलेला. ऑइल पंप नाही. रॉडच्या टोकाची पळी तेल उडवते, तेवढंच वंगण.

फेऱ्या दुप्पट केल्या की ताण चौपट होतो. ३६०० ला पिस्टन वरच्या टोकाला पोहोचून मागे वळतो, तेव्हा त्याचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ५०० पट असतं. ७२०० ला २००० पट. तो झटका रॉडने सोसायचा. नाही सोसवला तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो आणि गरम तेल मागच्या टायरखाली सांडतं, तेही कार्ट भरधाव असताना.

मूळचे व्हॉल्व्ह स्प्रिंग फार वेगात व्हॉल्व्ह वेळेवर मिटवू शकत नाहीत, म्हणून इंजिन आपोआप अडखळतं. मग लोक कडक स्प्रिंग घालतात आणि नकळत उरलेला शेवटचा लगामही सुटतो.

मला खरी भीती वाटते ती या चाकाची. व्यास १८ सेंटिमीटर धरा. ३६०० ला त्याची कड ताशी १२२ किलोमीटरने धावते, ७२०० ला २४४. फुटलं तर तुकडे चाकाच्या रेषेत सुटतात, आणि वरचं पातळ पत्र्याचं झाकण त्यांना अडवत नाही. स्टँडवर इंजिन विनालोड रेस करताना त्याच रेषेत कोणीतरी कान लावून उकिडवं बसलेलं असतं! धावताना चेन तुटली तरी तेच: लोड गेला, आवरायला गव्हर्नर नाही, इंजिन सुसाट.

म्हणून गव्हर्नर काढायचाच असेल, तर आधी अखंड धातूतून कोरलेलं फ्लायव्हील आणि तसाच रॉड बसवा. थ्रॉटलला, म्हणजे इंजिनाचा वेग कमीजास्त करणाऱ्या झडपेला, परतीचे दोन स्प्रिंग लावा, म्हणजे एक तुटला तरी दुसरा थ्रॉटल मिटवेल. इंजिन बंद करायचं बटण स्टिअरिंगवरच हवं.

आता ती खाच. तडा बहुधा तिच्या कोपऱ्यातून सुरू होतो. एकेकाने पुढे या आणि त्या कोपऱ्यावरून नख फिरवा. डोळ्यांना काही दिसत नाही, पण नख अडकतं.