बाईंचं प्रोसिडिंग

[पहाट. योगेश्वरीच्या देवळाचं शिखर. लांबून एस.टी.चा आवाज.]

अंबाजोगाई. बालाघाटाच्या माथ्यावरचं गाव. निजामाच्या कागदांत याचं नाव मोमिनाबाद. आमच्या माहितीपटातल्या बाई इथल्याच, निवृत्त शिक्षिका, महिला मंडळ चालवणाऱ्या. त्यांच्या लोखंडी पेटीत वडिलांचा शाळेचा दाखला आहे, तो सगळा उर्दूत. बाईंना उर्दू येत नाही. पण 'मोमिनाबाद' कुठं लिहिलंय, तिथं बरोबर बोट ठेवतात. वडिलांनी दाखवलेलं लक्षात राहिलंय.

17 सप्टेंबर 1948 ला निजाम शरण आला तेव्हा बाई पाच वर्षांच्या होत्या. त्यांची धुळाक्षरं मराठीत झाली. स्वामी रामानंद तीर्थांनी ज्या गावात मुलं शिकवली, त्या गावात मास्तर होणं म्हणजे मोठी गोष्ट. मास्तरीण होणं म्हणजे काय, ते अजून कुणी ठरवलेलं नव्हतं.

[देवळाचा सभामंडप. ओटी भरणाऱ्या बायका.]

योगेश्वरीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं होतं, अशी कथा सांगतात. वऱ्हाड वेळेत पोचलं नाही, मुहूर्त टळला, वऱ्हाडाचे दगड झाले आणि देवी कुमारिकाच राहिली. त्याच देवीला नवस बोलणाऱ्या गावानं बाईंना मात्र 'लग्न का नाही केलं?' हे विचारायचं कधी सोडलं नाही. आम्हीही विचारलं. बाई म्हणाल्या, "पुढचं विचारा."

पुढचं म्हणजे नोकरी. 1962 ला जिल्हा परिषदा झाल्या आणि पुढच्याच वर्षी बाई प्राथमिक शिक्षिका म्हणून लागल्या. बदल्या, अप-डाऊन, चुकलेल्या एस.ट्या, 72 च्या दुष्काळात लेकरांना वाटलेली सुकडी. 58 व्या वर्षी निवृत्ती. शाळेतलं चित्रीकरण आम्हाला जमलं नाही. गेलो तेव्हा दिवाळीची सुट्टी लागलेली होती.

[पत्र्याची खोली. दोन कपाटं, एक सतरंजी. टेबलावर खाकी कव्हर घातलेली वही.]

ही खोली मात्र दिवाळीतच भरून वाहते. हे महिला मंडळ. नाव ऐकलं की पुष्कळांच्या चेहऱ्यावर हसू येतं. भिशी, हळदी-कुंकू आणि चिवडा, असं त्यांना वाटतं. तिन्ही गोष्टी इथं आहेत. त्यांनी ही वही बघावी.

याला म्हणायचं प्रोसिडिंग, म्हणजे सभांच्या नोंदींची वही. लाल शाईनं आखलेला समास, ठराव क्रमांक, सूचक, अनुमोदक. पहिल्या सभेला अकरा बायका आल्या होत्या. बाईंनी नाव विचारलं की एक म्हणे कुलकर्ण्यांची, दुसरी म्हणे बंडूची आई. तिसरीनं उलट विचारलं, "कोणतं सांगू? माहेरचं का सासरचं?" लग्नात नाव बदललेलं. बाईंनी मध्ये तिरकी रेघ मारून दोन्ही लिहिली. ती रेघ अजून तशीच दिसते.

[क्लोजअप: पान 1. चार सह्या, सात अंगठे.]

आणि मग ठराव क्रमांक 4: सभासदाचं नाव तिचं स्वतःचं लिहावं, नवऱ्याचं किंवा मुलाचं चालणार नाही. सूचक म्हणून बाईंचीच सही आहे. नावाआधी 'कु.' आहे. आज ब्याऐंशीव्या वर्षीही तिथं 'कु.'च असतं.

1975 हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. त्या वर्षी बाईंनी मनावर घेतलं की मंडळ रजिस्टर करायचं. संस्था नोंदणीचा कायदा 1860 चा, किमान सात सभासद लागतात. घटना लिहायची, उद्देश लिहायचे, कार्यकारिणीच्या सह्या घ्यायच्या आणि धर्मादायच्या कचेरीत बीडला जायचं. कागद तीनदा परत आले. एकदा सही राहिली, एकदा शिक्का उलटा बसला, तिसऱ्यांदा खजिनदारीण बाळंतपणाला माहेरी गेली होती. पावत्या आहेत. एस.टी.ची तिकिटंसुद्धा चिकटवून ठेवली आहेत, गुलाबी आणि पिवळी, पंच केलेली. तेव्हापासून दरवर्षी ऑडिट, आणि पदाधिकारी बदलले की चेंज रिपोर्ट. एकही वर्ष चुकलेलं नाही. आपल्याकडच्या किती पुरुषांच्या मंडळांना हे सांगता येईल, ते त्यांनीच बघावं.

[तुपात सोडलेला अनारसा. जाळी पडताना.]

अनारशाचा तांदूळ तीन दिवस भिजतो, पाणी रोज बदलायचं. मग कपड्यावर पसरून सावलीत सुकवायचा, दमट असतानाच कांडायचा, गूळ घालून मळायचा आणि गोळा मुरत ठेवायचा. थापताना खसखस एकाच बाजूला. ती बाजू वर ठेवून तुपात सोडायचा आणि उलटायचा नाही. गूळ जास्त झाला की हसला, विरघळला, गेला. बाईंना आता उभं राहवत नाही. त्या खुर्चीवरून नुसतं जाळीकडं बघतात आणि म्हणतात, "काढ गं, लाल होईल." या फराळाच्या पैशातून मंडळाच्या वाचनालयाचे पेपर आणि मासिकं वर्षभर येतात. दुपारी दोन ते पाच. वर्गणी परवडत नसली तरी बसून वाचायला मनाई नाही.

संक्रांतीला इथं हळदी-कुंकवाची चिठ्ठी जात नाही. चिठ्ठीवर 'तिळगूळ' असं लिहिलेलं असतं. कारण हळदी-कुंकू म्हटलं की विधवा बाई दाराशीच थबकते. यावरून दोन वर्षं भांडण झालं, सहा जणी मंडळ सोडून गेल्या. त्यांतल्या चार परत आल्या.

[वहीची पानं उलटताना.]

30 सप्टेंबर 1993. किल्लारी. त्या पानावर एकच ओळ आहे: "भूकंप. आजची सभा तहकूब." दुसऱ्या दिवशीपासून हिशेब: ज्वारीचं पीठ, मीठ, जुनी लुगडी, वाकळा शिवायला दोरा.

पुढं 74 व्या घटनादुरुस्तीनं नगरपालिकेत बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, मंडळातली एक सभासद निवडून आली. दोन बालविवाह थांबले. इथं वाचत बसणाऱ्या मुलींपैकी काही नोकऱ्यांना लागल्या. त्यांचा हा ग्रुप फोटो.

[फोटो. तीन सेकंद.]

[संध्याकाळ. बाई टेबलापाशी, चष्मा कपाळावर.]

निघताना आम्ही चहाचे पैसे पुढं केले. बाईंनी घेतले नाहीत. जमाखर्चाची किर्द पुढं ओढली, तारीख टाकली आणि लिहिलं: "चित्रीकरणास आलेल्यांस चहा, चार कप, 40 रुपये." मग व्हाउचर फाडलं, पेन आमच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "इथं सही करा. पूर्ण नाव लिहा."