घड की बाळी?

नमस्कार श्रोतेहो. निफाडकडची माझी आत्या दिवाळीच्या तोंडावर अंगण धुताना घसरली आणि तिचा खुबा मोडला. नाशिकला आणलं, ऑपरेशन झालं, रॉड बसला. बाहेर येऊन सर्जन माझ्या आतेभावाला म्हणाले, "हाड फार ठिसूळ झालंय. आत नुसती चरबी." आतेभाऊ द्राक्ष बागायतदार. तो माझ्याकडे वळला. "ताई, तू तीस वर्षं पोरांना जीवशास्त्र शिकवलं ना? मग सांग, आमची आई अशी काटकुळी, तिच्या हाडात चरबी आली कुठून?"

तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात मी काहीतरी थातुरमातुर सांगितलं. नीट उत्तर आज देते.

हाडात चरबी असते हे आपल्याला ताटातूनच माहीत आहे. काळ्या मसाल्याच्या रश्श्यातली नळी ठोकून चोखताना जे तोंडात येतं ती मज्जा. जन्मतः ती लाल असते, रक्त तयार करणारी. वय वाढतं तशी हातापायांच्या लांब हाडांत ती पिवळी होत जाते. इथवर सगळं रीतसर. पण उतारवयात खुब्यात आणि मणक्यांतही चरबी वाढू लागते आणि त्याच जागी हाड विरळ होतं, तिथे घोडं पेंड खातं. कारण हाड बांधणाऱ्या पेशी आणि चरबी साठवणाऱ्या पेशी सख्ख्या बहिणी आहेत. दोघींचा जन्म मज्जेतल्या एकाच प्रकारच्या मूळपेशीतून होतो. स्टेम सेल म्हणतात ती हीच.

आतेभावाला मी म्हटलं, तुझ्या बागेतला डोळा घे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीवर डोळे, म्हणजे न फुटलेले कोंब, तयार होतात. त्यांच्या आत, आपल्याला दिसतही नाही इतक्या बारीक अवस्थेत, ठरतं की इथे घड यायचा की बाळी, म्हणजे आधाराला वेटोळं घालणारा नुसता तंतू. ऊन मिळालं, अन्नसाठा नीट असला तर घड. ढगाळ हवा, दाटी असली तर बाळी. आणि कळतं कधी? ऑक्टोबरची छाटणी करून डोळा फुटला की मग! मूळपेशीचं असंच आहे. हाड म्हणजे घड, चरबी म्हणजे बाळी. (बाळीही वेलाला लागते, चरबीही शरीराला लागते. सगळ्या बागेत बाळ्याच आल्या तर मात्र बागायतदार डोक्याला हात लावतो.)

हे ठरवतं कोण? पेशीच्या मध्यभागी केंद्रक असतं, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढं किंवा त्याहून लहान. त्यात सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए गुंडाळून ठेवलेला. त्यातली कुठली जनुकं चालू करायची ते केंद्रकातली काही प्रथिनं ठरवतात. हाडाच्या बाजूचं मुख्य प्रथिन रन्क्स-टू, चरबीच्या बाजूचं पीपार-गॅमा. 1997 साली जपानी आणि युरोपीय शास्त्रज्ञांनी रन्क्स-टूचं जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले. त्या पिल्लांच्या अंगात सांगाडा होता, पण सगळा कूर्चेचा. हाड औषधालाही नाही. बरगड्यांना ताकद नसल्याने श्वास घेता येईना, जन्मल्याबरोबर ती दगावली. माणसात या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडली, तर गळ्याखालचं आडवं हाड, आपण कॉलर-बोन म्हणतो ते, अर्धवट राहतं किंवा येतच नाही. असा माणूस दोन्ही खांदे छातीसमोर जवळजवळ एकत्र आणू शकतो.

पण मला स्वतःला जास्त वेड लावलं ते वेगळ्याच प्रथिनानं. त्याचं नाव लॅमिन. केंद्रकाच्या आवरणाला आतून जाळीचं अस्तर असतं, ते लॅमिनचं. आम्ही वर्गात ते एका ओळीत उरकायचो, 'केंद्रकाला आधार देते' म्हणून. वर्षानुवर्षं मी त्या जाळीवर अन्याय केला म्हणायचा.

2006 साली अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात एक प्रयोग झाला. मूळपेशी वेगवेगळ्या टणकपणाच्या जेलवर वाढवल्या. मेंदूसारख्या मऊ जेलवर त्या चेतापेशींच्या वळणावर गेल्या, स्नायूइतक्या घट्ट जेलवर स्नायूच्या, आणि त्याहून टणक जेलवर हाडाच्या. पेशीला पायाखालची जमीन कळते! 2013 मध्ये तिथल्याच शास्त्रज्ञांनी दाखवलं की ऊतक जितकं टणक, तितकं त्यातल्या पेशींच्या केंद्रकात लॅमिन-ए जास्त. लॅमिन भरपूर असलं की टणक जमिनीवर हाड बनण्याकडे कल वाढतो. कमी असलं की मऊ जमिनीवर चरबीकडे.

बाहेरचा ताण आत पोचतो कसा? पुन्हा बागेत चला. मांडवाच्या एका टोकाला तार ओढली की दुसऱ्या टोकाचा अँगल थरथरतो. पेशीतही अशा तारा ताणलेल्या असतात. नेस्प्रिन आणि सन नावाची प्रथिनं त्या तारा केंद्रकाच्या आवरणात अडकवतात आणि आतून लॅमिन त्यांना धरून ठेवतं. आपण चाललो, जिना चढलो, हंडा उचलला की हाड किंचित वाकतं, आणि तो झटका या वाटेनं थेट जनुकांच्या दारापर्यंत जातो. लॅमिन नसलेल्या उंदरांची हाडं विरळ निघाली, मज्जेत चरबी वाढलेली. अंतराळात वजनच पडत नाही, तिथे अंतराळवीरांच्या खुब्याचं हाड महिन्याला एक ते दीड टक्क्यानं झिजतं.

लॅमिनचा बिघाड किती महाग पडतो ते प्रोजेरिया नावाच्या आजारात दिसतं. लहान मुलं, पण म्हाताऱ्यासारखी त्वचा, केस गेलेले, कॉलर-बोन आणि बोटांच्या टोकांची हाडं विरघळत चाललेली. 2003 साली कारण सापडलं. लॅमिनच्या जनुकातलं एकच अक्षर बदललेलं, आणि त्यातून तयार होणारं सदोष प्रथिन, प्रोजेरिन. 2020 मध्ये अमेरिकेत त्यावर पहिल्या औषधाला मान्यता मिळाली. हेच प्रोजेरिन अगदी थोड्या प्रमाणात निरोगी माणसांच्या पेशींतही सापडतं.

एवढ्यावरून आत्याचं हाड लॅमिनमुळे मोडलं असं मात्र मी म्हणणार नाही. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं; त्याचा संदेश घेणारं प्रथिनही केंद्रकातच काम करतं. ड जीवनसत्त्वाचं तसंच. स्टिरॉइडच्या गोळ्याही केंद्रकातूनच हाडांवर घाला घालतात. म्हणून सांधेदुखीवर कागदाच्या पुडीत मिळणारी बिननावाची पावडर घेऊ नका, त्यात स्टिरॉइड असू शकतं. डॉक्टरांनी दिलेली गोळी मात्र आपल्या मनानं एकदम बंद करायची नाही, ते जिवावर बेतू शकतं.

आणि ते पत्रक. पेपरात घडी घालून येतं, 'स्टेम सेलचं इंजेक्शन घ्या, हाडं पुन्हा तरुण'. आतेभावाने जपून ठेवलं होतं, पैसेही मोजायला तयार होता. मी सांगितलं, आपल्या देशातल्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही विकारांतलं मज्जारोपण वगळता मूळपेशींचे बहुतेक उपचार फक्त मान्यताप्राप्त चाचण्यांतच करता येतात, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. शिवाय डोळा कितीही चांगला आणून बांधला, तरी बागेत ऊनच नसेल तर त्यातून निघायचं काय? हे त्याला लगेच पटलं.

आत्याला फिजिओथेरपिस्टने ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी उभं केलं होतं. ती कळवळली, आम्हाला शिव्या दिल्या. गेल्या आठवड्यात आतेभावाने व्हिडिओ पाठवला. खरड छाटणी चालू आहे, आत्या वॉकर घेऊन मांडवाखालून चालतेय, आणि छाटणाऱ्या बाईवर ओरडतेय, "अगं, एकच डोळा ठेव म्हटलं ना!"

नमस्कार.